अर्ध्या जिभेचं बोलणं

जिभेच्या उजव्या कडेला, मागची दाढ घासते त्या जागी, मला एक चट्टा उठला होता. आधी पांढुरका, मग मधोमध लालसर. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. केजमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो पाहिला, पोटात उष्णता वाढलीय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि लावायला औषध दिलं. पुन्हा गेलो तर गोळ्यांचा रंग बदलला. चट्टा होता तिथंच राहिला.

मी तेव्हा नांदूरघाटच्या हायस्कूलात मराठी शिकवायचो. राहायला केजला, मोठ्या भावाला लागून. दादाचं पेठेत किराणा दुकान. पुढे दुकान, मागे त्याचं घर, आणि त्याला चिकटून आमच्या दोन खोल्या. सकाळी एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीपच्या मागच्या पायरीवर लटकून शाळा गाठायची. चाळिशीला अजून अवकाश होता. बी.एड.ला असल्यापासून तंबाखू-चुना खायचो. त्या वर्षांत टपऱ्यांवर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या आणि तंबाखू मळायचा त्रासही वाचला. शाळेत मधल्या सुट्टीत कुणी पुडी फोडली की अर्धी शेजाऱ्याच्या तळव्यावर ओतायची, अशी रीतच पडून गेली होती.

चट्टा दुखायचा, पण त्याहून वाईट म्हणजे तो मला स्वस्थ बसू देईना. जीभ सारखी त्या दाढेकडे जायची. शिकवताना वाक्य मध्येच तुटायचं, कारण जीभ तिकडे गेलेली असायची. जेवताना, जीपमध्ये, दुकानात दादाशी बोलताना, सारखं तेच. तोंड मिटलेलं असलं तरी आत काहीतरी येरझाऱ्या घालतंय असं वाटायचं.

बायकोच्या लक्षात आलं ते भाकरीवरून.

"अवो, तुमी आजकाल एकाच बाजूनं कावून चावताय?"

"दाढ टोचतीय."

"आ करा बघू."

तिनं मला उजेडात, दाराच्या चौकटीत उभं केलं. बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी दादाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी दुकान वहिनीवर सोडून दादा माझ्याबरोबर आंबेजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आला. तिथल्या तरुण डॉक्टरनं हातमोजा घालून चट्टा दाबला, मानेवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

रिपोर्ट यायचा होता ते दिवस मी कसे काढले, मलाच सांगता येणार नाही. शाळेत जायचो आणि दुसऱ्या तासाला मुलांना वाचायला सांगून व्हरांड्यात फिरत राहायचो. घरी आलो की दुकानात जायचो, दुकानातून घरी. दादा म्हणाला, "बस की बे एका जागी, गिऱ्हाईक घाबरतंय." मग स्वतःच उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

रिपोर्ट हातात आला तेव्हा डॉक्टरनं आडवळणानं काही सांगितलं नाही. "जिभेचा कॅन्सर आहे. जिभेचा तो भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावे लागतील. बार्शीला जा, आजच्या आज ठरवा."

मी विचारलं, "किती काढावी लागेल?"

"अर्ध्याच्या आसपास."

"मी शिक्षक आहे," मी म्हणालो. त्यानं खाली पाहिलं. म्हणाला, "असू द्या. आधी माणूस राहू द्या."

बाहेर आल्यावर दादा रडायला लागला. माझ्या आठवणीत मी त्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. मला फक्त चालायचं होतं. आम्ही स्टँडपर्यंत चालत आलो, केजची गाडी लागलेली होती, तरी मी म्हणालो, पुढच्या गाडीनं जाऊ, आणि स्टँडाभोवती फिरत राहिलो. दादा पिशवी घेऊन माझ्यामागून.

बार्शीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मला मिस्तरी भेटला. बीडचा, जीपगाड्यांचा मेकॅनिक. वयानं माझ्याएवढाच असेल. तोंडाला पांढरा रुमाल बांधलेला. दाढा काढून घेणाऱ्यांच्या रांगेत आम्ही बसलो होतो, कारण शेक घ्यायच्या आधी किडक्या दाढा काढाव्या लागतात. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर हात ना तुमी?"

"कसं ओळखलं?"

"घंटा व्हायची वाट बघितल्यावानी बसलात."

त्याचं दुखणं गालाच्या आत होतं आणि जबड्यापर्यंत गेलं होतं. तोंड इतकं कमी उघडायचं, की चमचा आडवा करून घालावा लागायचा. तो दिवसभर गुटखा तोंडात धरून गाडीखाली पडलेला असायचा. "हात काळे, पुडी तोंडानंच फोडायची," तो म्हणाला. डॉक्टर त्याचा अर्धा जबडा काढणार होते आणि छातीची कातडी वर ओढून गालाला लावणार होते. हे सगळं तो असं सांगत होता, जसं दुसऱ्याच कुणाचं आहे. मी मात्र रांगेतून तीनदा उठलो, तीनदा पाणी पिऊन आलो. माझी जागा तो रुमाल टाकून राखत होता.

आमची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती, मानेला जाड पट्टी होती, आणि तोंडात सुजलेलं, परकं असं काहीतरी होतं. जीभ तिच्या सवयीनं दाढेकडे निघाली आणि तिथपर्यंत पोचलीच नाही. ती दाढही नव्हती आणि तो चट्टाही नव्हता. तरी चैन म्हणून पडेना.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, बोलून बघा. बायको समोर उभी होती. मला पाणी म्हणायचं होतं. तोंडातून "पाई" असं काहीतरी बाहेर पडलं. बायकोनं लगेच मान हलवली, नळीतून पाणी सोडलं, आणि पाठ फिरवून खिडकीकडे गेली. तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

मग मी एकेक अक्षर तपासायला लागलो. मराठीचा मास्तर, दुसरं करणार काय? प, ब, म ठीक होते. क, ग जमत होते. ट, ड, ण गेले. र गेला. ळ तर असा गेला, की त्याच्या जागी नुसती हवा यायची. बाळ, फळ, शाळा, काळजी, सगळ्यांच्या मधोमध भोक. मी दिवसभर पुटपुटत बसायचो. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला वाटायचं, जप करतोय.

मिस्तरीचं उलटं. त्याची जीभ शाबूत होती, पण ओठ एका बाजूला ओढले गेले होते, मिटायचेच नाहीत. त्यामुळे त्याचे प, फ, ब, म गेले होते. मी हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो हसला. हसताना त्याच्या तोंडाच्या कडेनं लाळ गळायची, ती तो रुमालानं टिपायचा. म्हणाला, "मंग दोघं मिळून एक माणूस बोलतोय म्हणा की गुरुजी." मी इथं त्याचं बोलणं सरळ करून लिहितोय. कानाला ते असं येत नव्हतं, माझंही त्याला असं जात नसणार. पण आम्हाला एकमेकांचं कळायचं. दिवसभर ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. बाकी कुणाला ते पटकन कळत नसे. त्याच्या बायकोलाही नाही.

जखमा भरल्यावर शेक सुरू झाले. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. माझी बायको आणि त्याची बायको एकाच स्टोव्हवर पातळ पेज करायच्या. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा सोमवारी चालत नव्हता आणि मिस्तरीचं घर मुसलमानाचं, पण तिथं नळीतून जाणाऱ्या पेजेला कुणी काही विचारलं नाही. मिस्तरीची बायको, जिला आम्ही भाभी म्हणायचो, ती पेज गाळायची, बायको कोमट करायची, आणि दोघी आपापल्या नवऱ्याच्या नळीला भांडं लावून बसायच्या.

शेक घेताना दुखत नाही. गळ्यावर जांभळ्या शाईनं रेघा ओढलेल्या असतात, त्या पुसायच्या नाहीत. टेबलावर उताणं झोपायचं, मशीन वर येऊन थांबतं, सगळे बाहेर जातात आणि जाड दार बंद होतं. तिथला माणूस जाताना रोज सांगायचा, "अजिबात हलायचं नाही." मला तेवढंच जमत नव्हतं. मशीनचा आवाज सुरू झाला की पाय उठून पळायला बघायचे. मी मनात कविता म्हणायला लागायचो, दोन ओळींनंतर विसरायचो. शाळेच्या हजेरीपटावरची नावं म्हणायचो, ती मधेच गुंतायची.

मग गळा आतून सोलवटून निघाला. थुंकी डिंकासारखी घट्ट झाली, ती ना गिळता यायची ना थुंकता. तोंडाला चव नाही, म्हणजे अळणी नव्हे. चव नावाचं काही असतं हेच तोंड विसरलं होतं. मानेची कातडी काळी पडून सोलायला लागली. मिस्तरीचंही तेच, उलट जास्त. पण तो सकाळी माझ्याआधी तयार होऊन पायरीवर बसलेला असायचा.

शेक अर्ध्याच्या पुढे गेले असतील, तेव्हा एका सकाळी बायको दूध आणायला गेली आणि मी उठून चालायला लागलो. काही ठरवलं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकापाशी आलो आणि आत वळायच्या ऐवजी सरळ गेलो. स्टँडवर कळंबची गाडी उभी होती. बसलो. कंडक्टरनं नाकातल्या नळीकडे पाहिलं, माझं बोलणं त्याला कळेना, तेव्हा मी बोटानं हवेत कळंब लिहिलं. कळंबहून जीपनं केजला आलो. दुकानात दादा साखर तोलत होता. मला पाहून त्यानं तराजू तसाच खाली ठेवला.

"अरे, सुट्टी दिली का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग?"

मी आत जाऊन झोपलो. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली.

दुपारी बायको पोचली. तिनं सगळा दवाखाना, सगळी धर्मशाळा, स्टँड पालथं घातलं होतं. ती दारात उभी राहून ओरडली, "मेलात असं वाटलं मला! विहिरीत वाकून बघितलं मी!" मी भिंतीकडे तोंड केलं. तिनं पाय धरले, दादानं हात जोडले, वहिनीनं कपिलधारला नवस बोलल्याचं सांगितलं. मी नुसता नाही म्हणत राहिलो. का नाही, ते मला सांगता येत नव्हतं. त्या जाड दारामागे पुन्हा एकटं पडून राहणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं. पण घरी तरी कुठं थारा होता! झोप झाली ती पहिल्याच दिवशी. नंतर मी अंगणातून खोलीत, खोलीतून अंगणात करत राहिलो.

आणि मग एके दिवशी उन्हाच्या वेळी मिस्तरी आला.

दादानं मला हाक मारली तेव्हा तो दुकानाच्या ओट्यावर बसला होता. नाकात नळी, तोंडाला रुमाल, डोक्यावर टॉवेल, धापा टाकत. एकटाच आला होता. जीपमध्ये लोक त्याच्यापासून सरकून बसले, म्हणाला, त्यामुळे ऐसपैस जागा मिळाली.

वहिनीनं घाबरत विचारलं, "चहा चालंल का यान्ला?" त्यानं नळीकडे बोट दाखवलं. बायकोनं चहा गार करून, गाळून, त्याच्या नळीतून सोडला. तो डोळे मिटून बसला. म्हणाला, "वैनी, साखर जास्त झाली." बायको चमकली. मग तो हसतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तीही हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

आम्ही दोघं अंगणात बसलो.

"काव्हून पळालात?" त्यानं विचारलं.

"हलू नको म्हणतात. मला ते होत नाही."

"हां," तो म्हणाला. मी वाट पाहत होतो, की आता हा समजावेल, बायका-पोरांचं सांगेल, देवाधर्माचं सांगेल. तसं त्यानं काहीच केलं नाही. म्हणाला, "तिथं माझं बोलणं कुणाला कळत न्हाई. मी दुखतंय म्हणलं, सिस्टरनं पाणी दिलं. बायकू तर नुसती रडती. तुमी गेल्यापून तोंड असून नसल्यागत झालंय."

"तुझा आजचा शेक झाला का?"

"न्हाई. इकडं आलो न्हाई का."

"अरे, बुडवायचा नसतो तो!"

"हे कोण म्हणतंय?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता ऐका. तुमी येत असलात तर उद्याचा घिऊ. न्हाई तर मी बी इथंच ऱ्हातो. तुमच्या दादाचं दुकान मोठं हाय, दोन माणसं सहज बसतील."

मला त्याचा राग आला. खरोखर राग आला. हा कोण मला अडकवणारा? मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. तो बसून राहिला. टॉवेलनं मान पुसत होता, आणि टॉवेलाला कातडी चिकटून येत होती. मी त्याच्यासमोर थांबलो.

"गाडी कितीला हाय?" त्यानं विचारलं.

त्याच दिवशी आम्ही तिघं परत गेलो, मी, बायको आणि तो. डॉक्टर मला रागावले ते बरोबरच होतं. असा खंड पडलेला चांगला नसतो, म्हणाले, बुडालेले शेक शेवटी घ्यावे लागतील. मिस्तरीचा एकच बुडाला होता, तोही त्यांनी शेवटी धरला. त्यानंतर मी टेबलावर पडलो की दाराच्या पलीकडे तो बाकावर बसलेला आहे हे मला माहीत असायचं. हलायचं नाही हे तरीही जमत होतं असं नाही. पण मी पडून राहिलो.

शाळेत परत गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी ऑफिसचं काम घ्या म्हणून सुचवलं. त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हणालो, एक महिना वर्गात बघू द्या. मानेतल्या गाठी काढताना खांद्याची शीर दुखावली होती, त्यामुळे उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायचो. पहिल्या दिवशी मागच्या बाकांवर खसखस पिकली. मी हजेरी घ्यायला लागलो तर निम्म्या नावांना कुणी ओ देईना, कारण नाव आपलंच आहे हे त्यांना कळत नव्हतं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, हळू हळू बोला. मंग कळतंय." मी हळू बोललो. आयुष्यात कधी हळू काही केलं नव्हतं, ते तिथं करावं लागलं. दिवाळीपर्यंत वर्गाला माझी भाषा यायला लागली. नवीन शिक्षक वर्गात आले तर मुलंच त्यांना मी काय म्हणालो ते सांगायची.

भाकरी दुधात कुस्करून खायला लागलो. सोबत पाण्याची बाटली असल्याशिवाय एक तास काढता येत नसे. तोंड सुकून चामडं व्हायचं. चव हळूहळू आली. आधी आंबट, मग खारट. गोड सगळ्यात उशिरा.

तपासणीला आम्ही ठरवून एकाच दिवशी जायचो. मिस्तरी बीडहून यायचा, मी केजहून, आणि बार्शीच्या स्टँडवर भेट व्हायची. एकदा त्यानं आल्या आल्या रुमाल खाली ओढला. "गुरुजी, एक गंमत सांगू? तोंडात दाढी उगवलीय." मला कळेना. छातीची कातडी गालाच्या आतून लावलेली, तिला छातीवरचे केस येत होते. त्याचा साडू न्हावी होता. "त्याला म्हणलं, कर बाबा आतून दाढी. तो पळून गेला." स्टँडवर आम्ही दोघं असे हसत होतो, की लोक आमच्याकडे बघायला लागले.

डॉक्टर दोघांनाही चांगलं आहे म्हणाले. त्याच्या पुढच्या खेपेलाही चांगलं. मग एका खेपेला मिस्तरीच्या मानेवरून बोटं फिरवताना डॉक्टरांचा हात दुसऱ्या बाजूला थांबला. तिथं गाठ होती. त्यांनी त्याच्या भावाला आत बोलावलं, मिस्तरीला बाहेर बसवलं. मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "मला बाहीर बसीवलंय म्हंजी समजलं की." आणि मलाच विचारलं, "तुमचं ठीक हाय ना?" माझं ठीक होतं.

नंतर मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं. शेक मी सोडून पळालो, त्यानं माझ्यापायी एकच बुडवला. मग त्याचं का उलटलं? ते म्हणाले, त्याचा आजार आधीच जास्त पसरलेला होता, जागाही वाईट होती. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू का, सगळं कारण आम्हालाही सांगता येत नाही." मी ते उत्तर घेऊन बाहेर आलो, आणि त्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

त्याला इंजेक्शनं दिली. केस गेले, वजन गेलं. गाठ थोडी कमी झाली, पुन्हा वाढली, फुटली. आता इथं करण्यासारखं राहिलं नाही असं दवाखान्यानं सांगितलं. एके दिवशी दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर बीडहून फोन आला. मिस्तरीचा मोठा भाऊ बोलत होता. तो फळांचा गाडा लावायचा. "गुरुजी, या एकदा. तो काय म्हणतो आमाला समजंना."

गॅरेजच्या पुढच्या खोलीत कॉटवर तो पडला होता. जखमेचा वास येत होता, भाभीनं उदबत्ती लावली होती. मला पाहून त्यानं हात वर केला. मोठा भाऊ म्हणाला, "तुमी शिकलेले हात, तुमी समजावा. मी त्याला मुंबईला नेतो. तिथं लई मोठा दवाखाना हाय. गाडी बी सांगून ठिवलीय."

मिस्तरी बोलायला लागला. आता जीभही त्याला साथ देत नव्हती. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा विचारून खात्री केली.

"मुंबईला जायचं नाही म्हणतात," मी म्हणालो. "इथंच राहू द्या. समोरचं दार उघडं ठेवा, गाड्यांचा आवाज येऊ द्या."

माझेच शब्द अर्धवट. मोठ्या भावाला ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. "हेच म्हणला? का तुमच्या मनचं सांगताय? तुमी बरे झालात, तुमाला काय!"

मिस्तरीनं हात लांब करून भावाचं मनगट धरलं, तो हात आपल्या छातीवर ठेवला आणि मान हलवली. नाही. पुन्हा नाही. मोठा भाऊ हात सोडवून बाहेर गेला. उघड्या दारातून तो मला दिसत होता. गाड्यावरची मोसंबी तो खाली काढायचा आणि पुन्हा रचायचा, पुन्हा काढायचा.

मी उठायला लागलो तेव्हा मिस्तरीनं माझी बाही धरली. काहीतरी बोलला. भाभीनं विचारलं, "क्या बोले?" तो म्हणाला होता, गुरुजी, भ्याव वाटतंय, तिला सांगू नका.

"झोप येतीय म्हणतात," मी म्हणालो. त्यानं डोळे मिटले आणि बाही सोडली.

नंतर मी दर रविवारी बीडला जायचो. गॅरेजचं दार उघडं असायचं. मोठा भाऊ मला पाहिलं की न बोलता मोसंबं सोलून त्याचा रस काढायचा, कारण मला फोड चावता येत नाही हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. एका रविवारी पोचलो तेव्हा दारासमोर माणसं जमलेली होती. मोठ्या भावानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "चांगलं केलं तुमी. घरीच गेला. मी नेला असता तर रस्त्यातच गेला असता." मग तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. माझा दुखरा खांदा होता, पण मी हललो नाही.

मला वाटलं होतं, मिस्तरी गेल्यावर माझ्या आतली तगमग दुःखात विरघळून जाईल. तसं झालं नाही. तपासणीची तारीख जवळ आली की बायको माझ्या आधी ओळखते, कारण मी भांडी जागची हलवायला लागतो. आरशासमोर आ करून उभा राहतो. मान चाचपतो, आणि चाचपून चाचपून मला रोज एक नवी गाठ सापडते. डॉक्टर म्हणतात, काही नाही. पुढच्या वेळेपर्यंत मी माणसात येतो.

बार्शीचे डॉक्टर आता कधी कधी आमच्या भागातली माणसं माझ्याकडे पाठवतात. ऑपरेशनला तयार नसतात ती. मागे असंच एक जोडपं आलं, दुपारी, शाळेला सुट्टी होती. गडी तिशीतला, तोंडाला उपरणं, एका जागी बसत नव्हता. त्याची बायको दारातच टेकली. ती म्हणाली, "भाऊ, जीभ काढल्यावर बोलता येतं का, तेवढं सांगा यान्ला."

मी बोललो. सगळं सांगितलं, नळीचं, शेकाचं, तोंड सुकतं त्याचं, हात वर जात नाही त्याचं. शाळेचंही सांगितलं. तो ऐकत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मधेच उठून दारापर्यंत गेला, परत आला.

"पळून जावं वाटतं का?" त्यानं विचारलं.

"वाटतं," मी म्हणालो. "मी पळालो होतो."

"मंग?"

"एकानं परत नेलं."

माझ्या बायकोनं चहा केला, त्यानं अर्धाच घेतला. जाताना त्याची बायको माझ्या बायकोशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मग दोघं रस्त्याला लागले, तो पुढे भराभर, ती पळत पळत मागून. बार्शीला तो गेला की नाही, मला कळलं नाही. बाजाराच्या दिवशी स्टँडवर जीपा येऊन थांबतात, माणसं उतरतात, आणि मी त्यांच्यात उपरणं गुंडाळलेलं एखादं तोंड शोधत उभा राहतो.